सशांचा संकर : रंगापेक्षा वही मोलाची

मांसासाठी ससे पाळू इच्छिणारा शेतकरी जोडी विकत घ्यावयास जातो, तेव्हा त्याची नजर प्रथम रंगावर जाते. पांढरेशुभ्र अंग, करडी झाक, काळे कान, पोटाभोवती पांढरा पट्टा, असे काही दिसले की जनावर मनात भरते. विकणाराही हे ओळखून असतो. 'हा संकरित आहे, लवकर वाढेल, पुष्कळ पिले देईल,' एवढ्या बोलीवर सौदा पुरा होतो. त्या मादीच्या आईने मागील तीन वेतांत किती पिले जगविली, नराचे बाराव्या आठवड्यातील वजन किती होते, हे कोणी विचारत नाही. विचारले तरी उत्तर मिळत नाही, कारण ते कोठेच लिहिलेले नसते. पुढे वर्षभर घरातील बाईमाणसे चारा घालतात, पिंजरे झाडतात, आणि वर्षाअखेर हाती येणारी पिले लहान, थोडी व अशक्त निघतात. मग दोष सशाला दिला जातो, किंवा नशिबाला.

खरा दोष संकराविषयीच्या गैरसमजात आहे. संकर म्हणजे सुधारणा, असे समीकरण मनात पक्के बसले आहे. दोन निरनिराळ्या जातींचे नरमादी एकत्र आणले की पुढची प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा सरस निपजेल, ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. संकर हे उत्तम साधन आहे. परंतु ते वापरण्याची रीत ठरलेली आहे. ती मोडली की साधनच हानिकारक ठरते.

जोम कोठून येतो आणि कोठे जातो

ही रीत समजावयास महाराष्ट्रातील शेतकऱ्यास दूर जावयास नको. देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण, सी. एस. एच. १, हे १९६४ साली प्रसारित झाले. तेव्हापासून 'हायब्रीड'चा अनुभव गावोगावी आहे. संकरित बियाणे पेरले तर पीक जोमदार व एकसारखे येते. परंतु त्याच पिकाचे दाणे पुढील वर्षी पेरले तर काही ताटे उंच, काही ठेंगणी, काही कणसे भरलेली तर काही हलकी निघतात आणि उत्पन्न घटते. म्हणून संकरित बियाणे दर वर्षी नवे घ्यावे लागते, आणि ते तयार करणाऱ्यास त्याचे मूळ आईबाप वाण निर्मळ राखावे लागतात.

सशांतही नियम हाच आहे. प्रत्येक जातीत काही उणे गुण दडलेले असतात. दोन भिन्न जातींच्या मीलनात एकीचे उणे दुसरीच्या अधिकाने झाकले जाते आणि पहिल्या पिढीत जोम दिसतो. तीच संकरित भावंडे, किंवा त्याच दोन जातींपासून झालेली इतर संकरित नरमादी, एकमेकांना लावली तर उणे गुण पुन्हा जोडीने एकत्र येऊ लागतात. हिशेबाने पाहता पहिल्या पिढीत मिळालेल्या जोमापैकी दुसऱ्या पिढीत निम्माच उरतो. त्यातून सख्खी भावंडेच एकत्र आली, तर जवळच्या नात्यातील पैदाशीचा तोटाही सोसावा लागतो : पिले कमी होतात, मरतूक वाढते. एक नर व दोन माद्या एकाच पिंजऱ्यातून उचलून आणलेल्या घरी नेमके हेच घडते.

सर्व गुणांना संकराचा लाभ सारखा होत नाही, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. एका वेतातील पिलांची संख्या आणि त्यांचे जगणे हे गुण आईकडून मुलीकडे फार थोड्या प्रमाणात उतरतात. एका मादीला एकदा दहा पिले झाली म्हणून तिच्या मुलींना दहा होतील असे नाही. या गुणांत निवडीने होणारी सुधारणा अत्यंत सावकाश होते. संकराने मात्र चटकन फायदा दिसतो. वाढीचा वेग हा गुण त्या मानाने पुढील पिढीत अधिक उतरतो. तेथे शुद्ध जातीतच वजन करून, वेगाने वाढणारे नर निवडणे फलदायी ठरते. संकराने वाढीत होणारा लाभ पुष्कळदा आईबापांच्या सरासरीहून किंचितच अधिक असतो.

यावरून एक सरळ मार्ग निघतो. पिलांची संख्या वाढविण्यासाठी मादी संकरित असावी. वाढीसाठी तिला लावावयाचा नर शुद्ध जातीचा, निवडलेला व तिसऱ्या जातीचा असावा. आणि त्यांची सर्व पिले मांसासाठी जावीत, पैदाशीसाठी एकही ठेवू नये. स्पेनमधील व्हॅलेन्शिया येथील तांत्रिक विद्यापीठाने हीच पद्धत अनेक वर्षे चालविली आहे. तेथे दूध तुटेपर्यंत जगलेल्या पिलांच्या संख्येवर निवडलेले दोन मातृवंश वेगळे राखले जातात आणि वाढीच्या वेगावर निवडलेला पितृवंश वेगळा. दोन मातृवंशांच्या संकरातून मादी तयार होते, आणि तिला पितृवंशाचा नर लावला जातो. वंश पिढ्यानपिढ्या निर्मळ राखले जातात म्हणूनच संकर दर वेळी फळाला येतो.

रंगाचे गणित

रंगाचे गणित सोपे आहे, आणि फसगतीचे मूळही त्यातच आहे. न्यूझीलंड व्हाइट जातीचा पांढरा रंग हा वस्तुतः रंगाचा अभाव होय. लाल डोळे ही त्याची खूण. हा गुण सुप्त आहे. आई व बाप अशा दोघांकडून तो मिळाला तरच पिलू पांढरे होते. लाल डोळ्यांची पांढरी नरमादी एकत्र आली तर पिले पांढरीच होणार. न्यूझीलंड व्हाइट मादीला शुद्ध सोव्हिएट चिंचिला नर लावला तर पहिल्या पिढीतील सर्व पिले रंगीत निपजतात, परंतु पांढरेपणा त्यांच्या ठायी दडून राहतो. ही रंगीत पिले मोठी होऊन आपसांत लावली गेली, की सरासरीने चारांत एक पिलू पुन्हा पांढरे निघते.

येथेच शेतकरी फसतो. ते पांढरे पिलू दिसावयास हुबेहूब न्यूझीलंड व्हाइट असते. मूळ जात परत आली, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्या पिलाच्या इतर गुणांपैकी सुमारे निम्मे चिंचिलाकडून आलेले असतात आणि पहिल्या पिढीचा निम्मा जोमही गेलेला असतो. असे पिलू 'शुद्ध जोडी' म्हणून शेजारच्या गावी विकले जाते, तेथील पुढील संकर त्यावर रचला जातो, आणि दोन-तीन वर्षांत त्या भागात शुद्ध काय व संकरित काय हे सांगणारा कोणी उरत नाही. व्हाइट जायंट ही जातही पांढरी असल्याने तिचा न्यूझीलंड व्हाइटशी झालेला संकर तर पहिल्याच पिढीत रंगावरून ओळखता येत नाही. कानावरील गोंदण आणि वहीतील नोंद यांवाचून तेथे दुसरा पुरावा नाही.

मांसाच्या दृष्टीने रंगाला फारसे मोल नाही. पांढऱ्या सशाला पसंती मिळते ती दोन व्यावहारिक कारणांनी : सोललेल्या मांसावर चिकटून राहिलेला पांढरा केस डोळ्यांत भरत नाही, आणि पांढरे कातडे हव्या त्या रंगात रंगविता येते. परंतु बारा आठवड्यांच्या सशाचे कातडे पातळ असते, त्याची लव पक्की झालेली नसते. त्यापासून मिळकतीची आशा धरून रंगाची निवड करणे शहाणपणाचे नाही. रंगाचा एक प्रामाणिक उपयोग मात्र आहे. पांढऱ्या मादीला शुद्ध चिंचिला नर लावला असता झालेली रंगीत पिले 'आम्ही संकरित आहोत' हे आपल्या अंगावर लिहूनच जन्माला येतात. पैदाशीच्या शुद्ध कळपात ती मिसळण्याचा धोका त्यामुळे टळतो.

रानसशाविषयीही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. करड्या-तपकिरी रंगाची पिले 'रानसशाच्या रक्ताची, काटक' म्हणून चढ्या भावाने विकण्याचा प्रयत्न झाल्यास शेतकऱ्याने त्यावर विश्वास ठेवू नये. रानससा व पाळीव ससा हे दोन निराळे प्राणी आहेत. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, पाळीव सशाच्या पेशीत ४४. रानसशाची पिले अंगावर केस व उघडे डोळे घेऊन जन्मतात. पाळीव सशाची पिले उघडी व आंधळी जन्मतात. यांचा संकर होत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा संरक्षित असून त्याला पकडणे हा गुन्हा आहे.

एका जातीचा इतिहास

संकरातून नवी जात घडत नाही असे नाही. कॅलिफोर्नियन ही जगात मांसासाठी विख्यात झालेली जात संकरातूनच घडली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील जॉर्ज वेस्ट या गृहस्थांनी १९२० च्या दशकात हिमालयन व चिंचिला यांच्या संकरापासून आरंभ केला. मांस चांगले असावे आणि लवही दाट असावी, हा त्यांचा हेतू होता. अनेक पिढ्यांच्या निवडीनंतर त्यांनी त्यात न्यूझीलंड व्हाइट माद्यांचा उपयोग केला. पांढरे अंग आणि नाक, कान, पाय व शेपूट काळी, असे या जातीचे रूप आहे. तो काळा रंगही थंडीने गडद व उष्णतेने फिका होतो, इतका रंग हा बेभरवशाचा साक्षीदार आहे.

या इतिहासापासून घ्यावयाचा बोध असा की, नवी जात घडविणे हे अनेक वर्षांचे, पुष्कळ पिंजऱ्यांचे व निर्दय निवडीचे काम आहे. दहा पिले जन्मली तर त्यांतील एखादेच पुढे ठेवावे लागते. हे काम संशोधन संस्थांचे आहे. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आणि तिचे तामिळनाडूतील कोडाईकनालच्या डोंगरातील मन्नवनूर येथील केंद्र यांनी न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट इत्यादी जाती सांभाळून त्यांच्यावर काम केले आहे. पाच माद्या पाळणाऱ्या शेतकऱ्याने नवी जात घडविण्याच्या भरीस पडू नये. तयार शुद्ध जातींचा संकर योग्य रीतीने करून त्याचे फळ घ्यावे, यातच त्याचे हित आहे.

मोठा ससा म्हणजे फायद्याचा ससा, ही समजूतही तपासून पाहावयास हवी. अवाढव्य जातींची हाडे जड असतात, त्यांची वाढ दीर्घकाळ चालते व त्यांना खाद्यही अधिक लागते. लहान बांध्याच्या डच मादीला, जिचे वजन जेमतेम दोन किलो भरते, राक्षसी जातीचा नर लावणे तर क्रूरपणाचेच आहे; पोटातील पिलू मोठे झाल्यास विताना मादीचे प्राण संकटात येतात. पूर्ण वाढलेल्या न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएट चिंचिला सशाचे वजन चांगल्या निगेत चार ते पाच किलो भरते. मांसाच्या संकरासाठी अशा मध्यम बांध्याच्या माद्याच योग्य होत.

वहीत काय लिहावे

एक वही, एक तराजू आणि कानावर क्रमांक गोंदण्याचे साधन, एवढ्या साहित्यावर संकराचे सारे काम चालते. प्रत्येक मादीसाठी एक पान असावे. त्यावर नर लावल्याची तारीख व नराचा क्रमांक, विल्याची तारीख, जिवंत व मेलेली पिले, दूध तोडतेवेळी उरलेली पिले, आणि बाराव्या आठवड्यात त्या वेताचे एकूण वजन लिहावे. गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा असल्यामुळे तारीख लिहिलेली असली की विण्याची पेटी वेळेवर ठेवता येते आणि त्यामुळेही कित्येक पिले वाचतात.

वेताचे एकूण वजन हा सर्वांत खरा साक्षीदार आहे. समजा, एका मादीला नऊ पिले झाली. परंतु दूध पुरले नाही, चारच जगली आणि बाराव्या आठवड्यात प्रत्येकी दोन किलोची झाली. दुसरीला सातच झाली. सहा जगली आणि प्रत्येकी एक किलो सातशे ग्रॅमची झाली. पाहणारा पहिलीच्या नऊ पिलांचे किंवा तिच्या मोठ्या पिलांचे कौतुक करील. वही सांगेल की पहिलीने आठ किलो दिले आणि दुसरीने दहा किलो दोनशे ग्रॅम. पैदाशीसाठी दुसरीच राखावयास हवी. मात्र एका वेतावरून निकाल देऊ नये. निदान तीन वेते पाहावीत, आणि हिवाळ्यातील वेताची तुलना उन्हाळ्यातील वेताशी करू नये.

उन्हाळ्याचा विचार महाराष्ट्रात विशेष करावा लागतो. तापमान ३० अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले की नराची फलनशक्ती क्षीण होते, आणि ती पूर्ववत होण्यास जवळजवळ दोन महिने लागतात. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात मादी गाभण राहिली नाही, तर तिला वांझ ठरवून काढून टाकण्यापूर्वी वहीतील तारीख पाहावी. दोष उन्हाचा असण्याचा संभव अधिक. गवताने शाकारलेले छप्पर, भोवती झाडांची सावली, ओली गोणपाटे व पहाटेच्या वेळी नर लावणे, हे उपाय साधे असले तरी उपयोगी आहेत. नर मादीच्या पिंजऱ्यात न नेता मादी नराच्या पिंजऱ्यात न्यावी.

गावाने करावयाचे काम

एकट्या शेतकऱ्यास दोन-तीन शुद्ध जाती राखणे परवडत नाही. परंतु एका गावातील दहा कुटुंबांनी काम वाटून घेतले तर ते सहज साधते. दोन-तीन घरी न्यूझीलंड व्हाइटचा शुद्ध कळप असावा. एका घरी सोव्हिएट चिंचिलाचे शुद्ध नर असावेत; ते त्या माद्यांपैकी काहींना लावून संकरित माद्या तयार कराव्यात. उरलेल्या घरांनी या संकरित माद्या घ्याव्यात आणि त्यांना व्हाइट जायंटसारख्या तिसऱ्या जातीचा शुद्ध नर लावावा. त्यांची पिले रंग कोणताही असो, मांसासाठीच विकावीत. आठ-दहा माद्यांस एक नर पुरतो. संकरित नर कितीही देखणा निघाला तरी त्याला पैदाशीसाठी ठेवू नये. शुद्ध कळपातील नर दर वर्षी नात्याबाहेरचा आणावा. नवा आलेला नर दोन आठवडे वेगळा ठेवून कानांत व नखांजवळ खरूज नाही, याची खात्री करून मगच त्याला कामास लावावे.

हे सर्व करण्यापूर्वी गिऱ्हाइकाचा शोध घ्यावा. सशाच्या मांसाला मागणी सर्वत्र सारखी नाही. 'पिले आम्हीच परत विकत घेऊ' या बोलीवर चढ्या दराने विकल्या जाणाऱ्या जोड्यांपासून शेतकऱ्याने चार हात दूरच राहावे. जो धंदा जोड्या विकण्यावरच चालतो, मांस विकण्यावर चालत नाही, तो शेवटची जोडी विकली गेली त्या दिवशी संपतो. आणि शेवटच्या जोडीचा धनी बहुधा गरीब शेतकरीच असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे उत्तरदायित्व येथे मोठे आहे. जोड्या वाटणे सोपे असते आणि त्यांची संख्या तक्त्यात शोभूनही दिसते. पन्नास घरी पन्नास जोड्या गेल्या, असे लिहिले की काम झाल्यासारखे वाटते. परंतु त्या पन्नासांत शुद्ध किती, संकरित किती, एकमेकांची भावंडे किती, हे ठाऊक नसेल तर ती वाटणी पुढील बिघाडाचीच पेरणी ठरते. त्याऐवजी दहा घरी नेमके नर, नेमक्या माद्या व दहा वह्या द्याव्यात. महिन्यातून एकदा जाऊन प्रत्येक वही वाचावी, आणि वर्षअखेर वाटलेल्या जोड्यांऐवजी दर मादीमागे विकले गेलेले किलो मोजावेत. हा आकडा लहान असेल, पण तो खरा असेल.

लिहिता न येणाऱ्या घरी शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा असतोच. संध्याकाळी चारा टाकताना आजी पिले मोजते, आणि नात ती संख्या वहीत मांडते. एवढी सवय लागली तरी पुष्कळ झाले. पुढे शेजारगावचा कोणी 'तुमच्याकडची चांगली मादी कोणती?' असे विचारीत आला, तर त्या घराला पिंजऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी वही उघडून दाखविता येईल.